दिसणाऱ्या ओळींवरून चालताना

मॅक्रोची लेखमाला : लेखांक ८

गेल्या आठवड्यात आपण रेकॉर्डरने लिहिलेला मॅक्रो एडिटरमध्ये उघडला, ओळीओळीने वाचला, त्यातला फापटपसारा काढला आणि तो पुन्हा चालवून पाहिला. या आठवड्यात दिसायला अगदी साधे काम घेऊ. फिल्टर लावलेल्या यादीत एका दिसणाऱ्या सेलवरून पुढच्या दिसणाऱ्या सेलवर जायचे. हाताने करायचे तर खाली जाणारा बाण एकदा दाबला की झाले. मॅक्रोकडून करून घेताना मात्र बहुतेक जण इथे अडखळतात. मॅक्रो अडून बसला तर निदान चूक कळते. तो न अडता चुकीच्या ओळींवर काम उरकून मोकळा झाला, तर ती चूक कित्येक दिवस कोणाच्या लक्षात येत नाही.

हातात एक उदाहरण असू द्या. समजा, २४० सदनिकांची एक गृहनिर्माण संस्था आहे आणि तिचा देखभाल खर्चाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवला आहे. पहिल्या ओळीत शीर्षके, दुसऱ्या ओळीपासून २४१व्या ओळीपर्यंत सभासद. ए कॉलममध्ये सदनिका क्रमांक, बी मध्ये सभासदाचे नाव, मधल्या कॉलमांत आकारलेली आणि भरलेली रक्कम, जी मध्ये थकबाकी आणि एच मध्ये स्मरणपत्र पाठवल्याची तारीख. सचिवांना थकबाकीदारांची यादी डोळ्यांखालून घालायची आहे आणि ज्यांना स्मरणपत्र जाणार त्यांच्यासमोर तारीख टाकायची आहे. त्यांनी जी कॉलमला ‘शून्यापेक्षा जास्त’ असा फिल्टर लावला. डावीकडचे ओळींचे आकडे निळे झाले आणि त्यांत खंड पडले : ४, ९, १०, १७ असे.

रेकॉर्डर नेमके काय लिहून ठेवतो

आता रेकॉर्डर चालू करून चौथ्या ओळीतल्या सेलवरून बाण खाली दाबा. कर्सर थेट नवव्या ओळीवर जातो. रेकॉर्डर थांबवा आणि त्याने काय लिहिले ते एडिटरमध्ये वाचा.

नेहमीच्या पद्धतीने रेकॉर्ड केले असेल, तर मॅक्रोत नवव्या ओळीतल्या त्या सेलचा पत्ता आणि पुढे ‘सिलेक्ट’ एवढेच असते. ‘रिलेटिव्ह रेफरन्स’ चालू ठेवून रेकॉर्ड केले असेल, तर तिथे ‘ऑफसेट’ ही आज्ञा येते आणि कंसात ५ आणि ० : आहे तिथून पाच ओळी खाली, शून्य कॉलम बाजूला. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. पण आपल्या मनात ‘नववी ओळ’ही नव्हती आणि ‘पाच ओळी खाली’ही नव्हते. आपल्या मनात होते ‘पुढचा थकबाकीदार’. रेकॉर्डरने आपण कुठे पोहोचलो ते टिपले, का पोहोचलो ते टिपले नाही. तोच मॅक्रो नवव्या ओळीवरून पुन्हा चालवला, तर पहिला प्रकार तिथल्या तिथे थांबतो आणि दुसरा चौदाव्या ओळीवर जातो. चौदावी ओळ लपलेली आहे. तिथल्या सभासदाने सगळे पैसे भरलेले आहेत.

मग पाचच्या जागी एक लिहावे, असे कोणालाही सुचेल. ‘ऑफसेट’मध्ये १ आणि ० लिहिले की एक ओळ खाली. पण हा ‘एक’ पानावर मोजला जातो, पडद्यावर नाही. चौथ्या ओळीवरून एक पाऊल टाकले की मॅक्रो पाचव्या ओळीत जातो, ती दिसो वा न दिसो. कर्सर पडद्यावरून गायब झाल्यासारखा वाटतो, आणि पुढची आज्ञा तारीख टाकण्याची असेल तर ती तारीख त्या लपलेल्या ओळीत पडते.

पान एक, पडदा दुसरा

याचे कारण समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. ओळ लपते म्हणजे तिची उंची शून्य होते, बाकी काहीच बदलत नाही. तिचा क्रमांक तोच, तिच्यातली माहिती तीच, नेहमीच्या सूत्रांना ती पूर्वीसारखीच दिसते. पाचवी ओळ लपली म्हणून नववी ओळ पाचवी होत नाही. बाण दाबल्यावर लपलेल्या ओळी ओलांडून जाणे ही कीबोर्डने माणसासाठी केलेली सोय आहे. ‘ऑफसेट’सारख्या आज्ञांना ती सोय ठाऊक नाही.

याचा पडताळा बेरजेवरून लगेच घेता येतो. आकारलेल्या रकमेच्या कॉलमखाली, एक ओळ मोकळी सोडून, नेहमीचे ‘सम’ सूत्र लिहा. फिल्टर लावा, काढा, बदला. बेरीज हलत नाही, कारण ‘सम’ पान मोजतो. त्याऐवजी ‘सबटोटल’ हे सूत्र लिहा आणि पहिल्या जागी ९ हा आकडा द्या. आता फिल्टर बदलला की बेरीजही बदलते, कारण फिल्टरने लपवलेल्या ओळी हे सूत्र सोडून देते.

इथे एक बारकावा आहे. ओळी तीन प्रकारे लपतात. एक, फिल्टरने. दोन, ओळ निवडून उजव्या बटणाच्या यादीतले ‘हाइड’ वापरून हाताने. तीन, ओळींचा गट करून डावीकडचे वजाचे चिन्ह दाबल्यावर. ‘सबटोटल’मध्ये ९ लिहिले तर फिल्टरने लपलेल्या ओळी वगळल्या जातात, पण हाताने लपवलेल्या बेरजेत राहतात. १०९ लिहिले तर दोन्ही वगळल्या जातात. सूत्र लिहिणाऱ्याला हा फरक करता येतो. पण आज आपण मॅक्रोसाठी जी दोन साधने पाहणार आहोत, ती असा फरक करत नाहीत. त्यांच्या लेखी लपलेली ओळ म्हणजे लपलेली ओळ, मग ती कोणीही लपवलेली असो. आधीच्या सचिवांनी काही कारणाने चार सदनिका हाताने लपवून ठेवल्या असतील आणि नव्या सचिवांना ते माहीत नसेल, तर त्या चार थकबाकीदारांना मॅक्रो कधीच गाठणार नाही. म्हणून दुसऱ्याच्या हातून आलेल्या फाइलवर मॅक्रो चालवण्याआधी फिल्टर पूर्ण काढा आणि डावीकडचे ओळींचे आकडे सलग आहेत ना, हे एकदा पाहून घ्या.

पहिली वाट : पाऊल टाका, पाहा, पुढे चला

पहिली वाट सरळ आहे. एक ओळ खाली जा. ती लपलेली आहे का, विचारा. असेल तर आणखी एक खाली. नसेल तर थांबा. एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीला ‘हिडन’ नावाचा गुण असतो. त्याचे उत्तर हो किंवा नाही, एवढेच. आपला सगळा मॅक्रो या एका प्रश्नावर उभा राहतो :

सब पुढचीओळ()
डिम ओळ ॲज लाँग
डिम शेवट ॲज लाँग
शेवट = २४१
ओळ = ॲक्टिव्हसेल.रो + १
डू व्हाइल ओळ <= शेवट
इफ नॉट रोज(ओळ).हिडन देन
सेल्स(ओळ, ॲक्टिव्हसेल.कॉलम).सिलेक्ट
एक्झिट सब
एन्ड इफ
ओळ = ओळ + १
लूप
बीप
एन्ड सब

इथे आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. एडिटरमध्ये त्या रोमन अक्षरांत आणि आकडेही इंग्रजी पद्धतीने लिहायचे. ‘पुढचीओळ’, ‘ओळ’ आणि ‘शेवट’ ही नावे आपण दिलेली आहेत, त्यांच्या जागी कोणतीही रोमन नावे चालतील. ‘ॲक्टिव्हसेल’ लिहून टिंब दिले की एडिटर पुढच्या शब्दांची यादी स्वतःच समोर धरतो, त्यामुळे स्पेलिंग पाठ करण्याची गरज नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हा एडिटर युनिकोड सर्वत्र रुळण्याआधीच्या घडणीचा आहे. मॅक्रोची ही भाषा एक्सेलमध्ये १९९३ साली, पाचव्या आवृत्तीबरोबर आली. एडिटरमध्ये देवनागरी मजकूर टंकला किंवा चिकटवला तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. म्हणून मॅक्रोत ‘थकबाकी’ असा शब्द कोडमध्ये लिहून तुलना करू नका. तो शब्द पानावरच्या एखाद्या सेलमध्ये लिहून ठेवा आणि मॅक्रोला त्या सेलमधून वाचायला सांगा. सेलमधले देवनागरी मॅक्रो बिनचूक वाचतो आणि दुसऱ्या सेलमध्ये बिनचूक लिहितोही. वरच्या मॅक्रोत शेवटी निरोपाच्या चौकटीऐवजी ‘बीप’ ठेवला आहे, तो याच कारणाने.

आता मॅक्रोतल्या तीन जागा नीट पाहू.

पहिली जागा ‘लाँग’. जुन्या पुस्तकांत पूर्णांकासाठी ‘इंटिजर’ लिहिलेले आढळते. त्यात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. एक्सेलच्या पानावर २००७ पासून १०,४८,५७६ ओळी असतात आणि त्याआधीही ६५,५३६ होत्या. ओळीचा क्रमांक धरायचा असेल तेव्हा ‘लाँग’च लिहायचे, ही सवय लावून घ्या. आज यादी २४० ओळींची आहे म्हणून सवलत घेऊ नका. मॅक्रो एका फाइलमधून दुसरीत जातात आणि तिथली यादी किती मोठी असेल, ते आज कोणीच सांगू शकत नाही.

दुसरी जागा ‘शेवट’. ही हद्द घातली नाही, तर यादीतल्या शेवटच्या थकबाकीदारानंतर मॅक्रो यादीबाहेरच्या पहिल्या रिकाम्या ओळीवर जाऊन थांबेल, कारण तीही दिसणारीच ओळ आहे. खालच्या सगळ्या ओळी कोणी लपवून ठेवल्या असतील, तर तो पानाच्या तळापर्यंत धावेल आणि तिथे चूक दाखवून बंद पडेल. २४१ हा आकडा मी समजायला सोपे जावे म्हणून थेट लिहिला आहे. प्रत्यक्षात हद्द मॅक्रोलाच शोधू द्यावी. त्यासाठी पानाच्या तळापासून वर उडी मारणारी ‘एन्ड’ आणि ‘एक्सएलअप’ ही जोडी सर्रास शिकवली जाते. फिल्टर चालू असताना मात्र ती शेवटच्या दिसणाऱ्या नोंदीवर थांबते, यादीच्या खऱ्या शेवटावर नाही. पुढच्या दिसणाऱ्या ओळीचा शोध घेताना त्याने बिघडत नाही, पण त्याच आकड्यावर यादीची एकूण लांबी मोजली तर हिशेब चुकतो. फिल्टर लावलेल्या यादीची खरी हद्द फिल्टरलाच विचारावी : पानाच्या ‘ऑटोफिल्टर’चा ‘रेंज’ हा गुण शीर्षकापासून शेवटच्या ओळीपर्यंतचा सगळा पट्टा देतो, लपलेल्या ओळींसकट.

तिसरी जागा ‘एक्झिट सब’. दिसणारी ओळ सापडताच मॅक्रो तिथेच संपतो. त्यामुळे ‘बीप’पर्यंत तो पोहोचतो तो फक्त काहीच न सापडल्यावर. सापडले आणि सापडले नाही, या दोन्ही शेवटांची सोय मॅक्रोत असलीच पाहिजे. नाहीतर बटण दाबूनही काही हलत नाही आणि वापरणाऱ्याला का ते कळत नाही.

वर जायचे असेल तर अधिकच्या जागी वजा लिहा, तुलनेचे चिन्ह उलटे करा आणि हद्द २ ठेवा, म्हणजे मॅक्रो शीर्षकावर चढणार नाही. आडवे जायचे असेल तर ‘रोज’ऐवजी ‘कॉलम्स’ला तोच प्रश्न विचारा. ऑल्ट आणि एफ८ दाबून मॅक्रोची यादी उघडा, ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन कंट्रोल आणि शिफ्टसोबत एखादे अक्षर नेमून द्या. एका बोटाखाली ‘पुढचा’ आणि दुसऱ्याखाली ‘मागचा’ थकबाकीदार आला की यादी वाचण्याचा वेग बदलतो.

दुसरी वाट : दिसणाऱ्यांचा पुंजका हातात घ्या

पहिली वाट थांबत थांबत पाहण्यासाठी उत्तम. पण सगळ्या थकबाकीदारांसमोर एकदम तारीख टाकायची असेल, तर दुसरी वाट जवळची आहे. तिचे नाव ‘स्पेशलसेल्स’. एखाद्या पट्ट्याला ही आज्ञा द्यायची आणि कंसात ‘एक्सएलसेलटाइपव्हिजिबल’ लिहायचे. उत्तरात त्या पट्ट्यातले फक्त दिसणारे सेल मिळतात.

हाताने काम करणाऱ्यांनी हे वेगळ्या रूपात पाहिलेले असते. एफ५ दाबून ‘स्पेशल’मध्ये जायचे आणि ‘व्हिजिबल सेल्स ओन्ली’ निवडायचे, किंवा थेट ऑल्ट आणि अर्धविरामाची कळ दाबायची. हाताने लपवलेल्या ओळी असलेला भाग कॉपी करण्याआधी ही कळ दाबली नाही, तर चिकटवताना लपलेल्या ओळीही सोबत येतात. मॅक्रोतली आज्ञा हेच काम करते.

मॅक्रोचा गाभा मग असा होतो : एच२ ते एच२४१ या पट्ट्यातले दिसणारे सेल घ्या, ‘फॉर ईच’ने त्यांतल्या प्रत्येकावर जा, तिथे आजची तारीख लिहा. ‘सिलेक्ट’ची गरजच नाही. कर्सर न हलवताही मॅक्रो सेलमध्ये लिहू शकतो आणि तसे केल्याने तो बराच वेगाने चालतो. कर्सर हलवायचा तो माणसाला काही दाखवायचे असेल तेव्हा.

वाट जवळची आहे, पण तिच्यावर चार खड्डे आहेत. ते आधीच ओळखून ठेवा.

पहिला खड्डा तुकड्यांचा. आपल्या यादीत ४, ९, १० आणि १७ या चारच ओळी दिसत आहेत असे धरा. मिळालेला पट्टा सलग नाही, त्याचे तीन तुकडे आहेत : एच४, मग एच९ ते एच१०, मग एच१७. एक्सेल या तुकड्यांना ‘एरियाज’ म्हणतो. या पट्ट्याला ‘रोज’ किती, असे विचारले तर उत्तर येते १, कारण तो फक्त पहिला तुकडा मोजतो. ‘सेल्स’ किती, असे विचारले तर बरोबर ४ येते. दिसणाऱ्या ओळींची संख्या हवी असेल तर एका कॉलमपुरता पट्टा घ्यावा आणि सेल मोजावेत.

याच खड्ड्याची खोल बाजू पुढे आहे. या पट्ट्यातला दुसरा सेल हवा म्हणून ‘सेल्स’ लिहून कंसात २ लिहिले, तर एच९ मिळायला हवा असे वाटते. मिळतो एच५. पहिल्या तुकड्याच्या वरच्या टोकापासून पानावर एक घर खाली मोजून एक्सेल तो देतो, आणि एच५ लपलेला आहे. म्हणजे दिसणारे सेल निवडून हातात घेतल्यावरही क्रमांकाने मागितले की मोजणी पुन्हा पानावरच होते. म्हणून अशा पट्ट्यातून जाताना क्रमांक वापरूच नयेत. ‘फॉर ईच’ तुकड्यांमागून तुकडे घेत प्रत्येक दिसणाऱ्या सेलवर नीट जातो.

दुसरा खड्डा रिकाम्या हाताचा. एकही थकबाकीदार नसेल, म्हणजे संस्थेसाठी सगळ्यात चांगला दिवस असेल, त्याच दिवशी मॅक्रो १००४ क्रमांकाची चूक दाखवून बंद पडतो. ‘स्पेशलसेल्स’ला काही सापडले नाही, तर ती रिकामे उत्तर देत नाही, चूक उभी करते. उपाय ठरलेला आहे. त्या एका ओळीपुरते ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ लिहायचे, लगेच पुढच्या ओळीत ‘ऑन एरर गोटू ०’ लिहून ती सवलत काढून घ्यायची, आणि मग पट्टा ‘नथिंग’ आहे का ते तपासायचे. सवलत काढून घ्यायला विसरलात, तर पुढच्या सगळ्या चुका मॅक्रो गिळून टाकतो आणि तुम्हाला त्यांचा पत्ता लागत नाही.

तिसरा खड्डा एकट्या सेलचा, आणि चौघांत हा सगळ्यात धोक्याचा. पट्ट्यात एकच सेल असेल, तर ‘स्पेशलसेल्स’ त्या सेलपुरती राहत नाही. ती पानावरच्या सगळ्या वापरलेल्या भागात शोध घेते. यादीत एकच सभासद असलेल्या नव्या फाइलवर हा मॅक्रो चालवला, तर तारीख नावांवर, रकमांवर, शीर्षकांवर, सगळीकडे छापली जाईल. यातून वाचण्याचा चांगला मार्ग म्हणजे मिळालेल्या उत्तराची आणि मूळ पट्ट्याची ‘इंटरसेक्ट’ने गाठ घालायची. दोन्हींत सामाईक असेल तेवढेच हातात राहते, बाकीचे गळून जाते.

चौथा खड्डा जुन्या आवृत्त्यांचा. एक्सेल २००७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत ही आज्ञा ८,१९२ पर्यंतच तुकडे धरू शकत असे. तुकडे त्याहून जास्त झाले की चूक न दाखवता सगळा पट्टाच परत मिळे, लपलेल्या ओळींसकट. २०१० पासून ही अडचण दूर झाली. एखाद्या कार्यालयात जुनी आवृत्ती आजही चालू असेल आणि यादी मोठी असेल, तर तिथे पहिल्या वाटेने जाणे सुरक्षित.

दिसते म्हणून खरे धरायचे का?

आता या लेखांकातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. दोन्ही वाटा ओळ दिसते का, एवढेच विचारतात. पण सचिवांना हवे होते ते थकबाकीदार. ओळ दिसणे हा थकबाकी असण्याचा परिणाम आहे, तोही फिल्टर लावला त्या क्षणापुरता.

ही केवळ तात्त्विक गोष्ट नाही. फिल्टर लावून झाल्यावर दहाव्या ओळीतल्या सभासदाने पैसे भरले आणि सचिवांनी रक्कम नोंदवली, असे धरा. जी मधली थकबाकी शून्य झाली. तरी दहावी ओळ पडद्यावरून जात नाही. एक्सेलचा फिल्टर माहिती बदलल्यावर स्वतःहून पुन्हा लागत नाही. ‘रीअप्लाय’ म्हणावे लागते, किंवा कंट्रोल, ऑल्ट आणि एल या कळा एकत्र दाबाव्या लागतात. मधल्या वेळात मॅक्रो चालला, तर पैसे भरलेल्या सभासदासमोर स्मरणपत्राची तारीख पडते. याच्या उलटही होते. फिल्टर लावायलाच विसरलो, तर सगळ्या २४० ओळी दिसत असतात आणि सगळ्यांना थकबाकीदार ठरवले जाते.

म्हणून मला कळकळीने सांगायचे आहे ते हे : जी अट तुम्हाला शब्दांत सांगता येते, ती मॅक्रोत लिहा. थकबाकी शून्यापेक्षा जास्त आहे का, हे मॅक्रोने जी कॉलममधला आकडा वाचून ठरवावे. दिसण्यावर भरवसा तिथेच ठेवा, जिथे निवड माणसाच्या नजरेने केली आहे आणि ती कुठल्याही कॉलममध्ये लिहिलेली नाही. अमुक सभासद आजारी आहेत, त्यांना या महिन्यात पत्र नको, असे ठरवून सचिवांनी त्यांची ओळ हाताने लपवली असेल, तर ते मॅक्रोला आकड्यांतून कळणार नाही. तिथे दिसणे हीच खरी अट आहे. आपल्या उदाहरणात दोन्ही एकत्र लागतात : ओळ दिसली पाहिजे आणि थकबाकी शून्यापेक्षा जास्त असली पाहिजे. ‘फॉर ईच’च्या आत एक ‘इफ’ वाढवला की हे साधते. एका ओळीचा खर्च आहे आणि पैसे भरलेल्या माणसाच्या दारात चुकीचे पत्र जाणे त्याने टळते.

त्याआधी दोन प्रश्न विचारायला मॅक्रोला शिकवा. पानाचा ‘फिल्टरमोड’ हा गुण ‘ट्रू’ आहे का, म्हणजे फिल्टर खरोखर लागू आहे का? नसेल तर मॅक्रोने पुढे न जाता थांबावे. असेल तर ‘ऑटोफिल्टर’ला ‘अप्लायफिल्टर’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे ताज्या आकड्यांवर फिल्टर पुन्हा लागतो. यादी साधी नसून ‘टेबल’ म्हणून बनवलेली असेल, तर फिल्टर पानाचा नसतो, त्या टेबलाचा असतो. ‘लिस्टऑब्जेक्ट’कडून तो मागून घ्यावा लागतो.

आणि एक जुनाच नियम. मॅक्रोने पानावर काही बदलले की ‘अनडू’ची यादी पुसली जाते. कंट्रोल आणि झेड दाबून काही परत येत नाही. मॅक्रो चालवण्याआधी फाइलची प्रत काढा. शिवाय ‘सबटोटल’मध्ये १०३ लिहून आधी किती ओळी दिसतात ते मोजा, मॅक्रो चालल्यावर एच कॉलममध्ये आजच्या किती तारखा आल्या ते मोजा. आकडे जुळले नाहीत, तर एकही पत्र पाठवू नका. आधी फरक कुठल्या ओळीत आहे ते शोधा.

इतर स्प्रेडशीटमध्ये

एक्सेल नसणाऱ्यांनीही निराश होऊ नये. लिबरऑफिस कॅल्कमध्ये पट्ट्याला ‘क्वेरीव्हिजिबलसेल्स’ ही आज्ञा देता येते, ती ‘स्पेशलसेल्स’सारखेच काम करते. तिथल्या ओळींना दोन वेगळे गुण आहेत : ‘इजव्हिजिबल’ ओळ दिसते का ते सांगतो, ‘इजफिल्टर्ड’ फिल्टरने लपवली आहे का ते सांगतो. गुगल शीट्समध्ये मॅक्रो ॲप्स स्क्रिप्टमध्ये लिहिले जातात. तिथे ‘इजरोहिडनबायफिल्टर’ आणि ‘इजरोहिडनबाययूजर’ असे दोन सरळ प्रश्न ओळ क्रमांक देऊन विचारता येतात. फिल्टरने लपवलेली आणि माणसाने लपवलेली ओळ वेगळी ओळखण्याची जी सोय ‘हिडन’ या एका गुणात नाही, ती इथे आहे. नावे बदलली तरी मूळ रीत तीच राहते : पानावर मोजा, पण प्रत्येक ओळीला ती दिसते का ते विचारा.

या आठवड्याचा सराव

दहा-बारा ओळींची एक छोटी यादी करा. त्यात काही ओळी फिल्टरने लपवा. मग खालील पाच गोष्टी करून पाहा.

१. ‘ऑफसेट’ १ आणि ० वापरून खाली जा आणि नावाच्या चौकटीत, म्हणजे डावीकडे वर सेलचा पत्ता दिसतो तिथे, कर्सर कुठे गेला ते वाचा.

२. पहिल्या वाटेचा मॅक्रो लिहा. मग त्याचाच वर जाणारा जोडीदार लिहा.

३. ‘स्पेशलसेल्स’ने मिळालेल्या पट्ट्याला ‘रोज’ किती आणि ‘सेल्स’ किती असे दोन्ही विचारा. उत्तरे का वेगळी आली, ते कागदावर तुकडे काढून समजून घ्या.

४. एकही ओळ दिसणार नाही असा फिल्टर लावा आणि मॅक्रो न कोलमडता थांबतो का ते पाहा.

५. फिल्टर चालू असताना एखाद्या दिसणाऱ्या ओळीतला आकडा असा बदला की ती अटीत बसणार नाही. ओळ तिथेच राहते हे पाहा, मग आपला ‘इफ’ तिला वगळतो का ते तपासा.

चौथा आणि पाचवा सराव टाळू नका. मॅक्रो नेहमीच्या यादीवर चालला म्हणजे अर्धेच काम झाले. रिकाम्या आणि शिळ्या यादीवरही तो नीट वागला, तरच तो दुसऱ्याच्या हातात द्यावा.

पुढच्या लेखांकात निवडलेल्या याच ओळी एका नव्या पानावर नेऊन त्यांतून प्रत्येक सभासदासाठी वेगळे पत्र कसे तयार करायचे ते पाहू. फिल्टर लावलेल्या यादीत परत काही चिकटवताना काय जपावे लागते, तेही तिथेच येईल.